रेकॉर्ड शॉट

पक्ष्यांचे फोटो काढणारा एक तरी माणूस तुमच्या ओळखीत असणारच. सकाळी साडेसहाला 'सुप्रभात'सोबत वेडा राघू पाठवणारा, आणि सातच्या आत आपला अंगठा आला नाही तर फोन करून "बघितला का?" विचारणारा. आमच्या सायखेड्यात ही जागा भाऊसाहेबांनी अडवलेली आहे.

भाऊसाहेबांनी मला दाखवलेला पहिला फोटो म्हणजे राखाडी आभाळ आणि त्यात एक ठिपका. मी स्क्रीन पुसली. ठिपका गेला नाही.

"ऑस्प्रे," भाऊसाहेब म्हणाले.

"कुठंय?"

त्यांनी दोन बोटांनी ठिपका ताणला. ठिपक्याचे चौकोन झाले.

"रेकॉर्ड शॉट आहे मास्तर. पक्षी दिसला, त्याची नोंद. शो-पीस नाही हा."

त्या धंद्यात हे चालतं म्हणे. फोटो दाखवण्यासारखा नसला, तरी पक्षी दिसल्याचा पुरावा म्हणून ठेवायचा. बाकीचे लोक असे दोन-चार ठेवत असतील. भाऊसाहेबांकडे दुसरं काही नाहीच. जांभळी पाणकोंबडी पाठमोरी. शेकाट्याचे नुसते पाय. खंड्या पाण्यात शिरल्यानंतरचं पाणी. निफाड तालुक्यातल्या पक्ष्यांच्या शेपट्यांचा एवढा मोठा संग्रह दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

बरं, हे पक्ष्यांपुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. पुतण्याच्या लग्नात शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या आणि नेमकी मांडवावरून घार गेली. भाऊसाहेब घारीमागे वळले. परत येईपर्यंत हार गळ्यात पडून नवरा-नवरी खुर्चीवर बसली होती. आलेल्या फोटोत एक फेट्याचा तुरा आणि कुणाचा तरी कोपर. "रेकॉर्ड शॉट आहे," भाऊसाहेब व्याह्यांना म्हणाले, "लग्न झालं हे कळतंय ना?" पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावलं, तर झेंड्याची दोरी आली. वहिनींनी हे सगळं शांतपणे पाहिलं. मग एक दिवस करपलेली भाकरी त्यांच्या ताटात टाकून म्हणाल्या, "रेकॉर्ड शॉट आहे. खा."

लेन्स मात्र मोठी. सहाशे मिलिमीटरची. ती आली त्या वर्षी द्राक्षबागेच्या ठिबकचं काम पुढं ढकललं गेलं, असं वहिनी कुणीही न विचारता सांगतात. लेन्सला मिलिटरीच्या रंगाचं कापड आहे, भाऊसाहेबांना त्याच रंगाची टोपी आहे आणि पायात पांढरेशुभ्र बूट आहेत.

हिवाळ्यातल्या रविवारी ते मला नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात घेऊन जातात. घेऊन जातात म्हणजे पहाटे पाचला दारात येऊन हॉर्न वाजवतात. निफाडची थंडी पेपरात वाचायला बरी असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे पुण्या-मुंबईचे लोक कौतुकानं वाचतात. आम्ही त्या पाऱ्यातून मोटारसायकलवर, गंगेच्या कडेकडेनं अभयारण्याच्या चापडगावच्या दाराशी जातो. (गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात, नाशिकच्या पुलापासून खाली कुणी गोदावरी म्हणालं की तो पाटबंधारे खात्यातला समजावा.)

निरीक्षण मनोऱ्यावर चढलं की भाऊसाहेबांचं भाषण सुरू होतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांनी बंधारा बांधला, त्याच्यामागं वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मधे बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. इंजिनिअरच्या दृष्टीनं वाटोळं, बदकांच्या दृष्टीनं पंगत. १९८६ साली अभयारण्य झालं आणि २०२० साली रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. इराणात रामसर नावाचं गाव आहे, तिथं १९७१ साली पाणथळ जागांचा करार झाला, हेही ऐकावं लागतं. "महाराष्ट्रात पहिला नंबर आपला, मास्तर. लोणारसुद्धा नंतर!" हे ते अशा आवाजात सांगतात की गाळ त्यांनीच वाहून आणला असावा.

भाषण चालू असताना समोर पाणकोंबडी येते, चरते, जाते. गावातला गाईड पोरगा खुणावत असतो, "भाऊ, हळदीकुंकू." हळदीकुंकू बदक काय देखणं असतं! काळ्या चोचीचं टोक पिवळं, मुळाशी दोन तांबडे ठिपके. सवाष्णीला शोभावं असं नाव कुणीतरी ठेवलंय. भाऊसाहेब त्याला 'स्पॉटबिल्ड' म्हणतात आणि आयएसओ लावायला घेतात. आयएसओ लागतो तेव्हा बदक कादवेच्या अंगाला गेलेलं असतं.

मनोऱ्यावर नाशिकची मंडळीही असतात. तिथं माणसाची किंमत लेन्सच्या लांबीवर. शिवाय हे लोक पक्षी 'पाहत' नाहीत, त्यांना तो 'मिळतो'. "काय मिळालं?" अशी चौकशी चालते, कोथिंबिरीची जुडी कशी मिळाली विचारावं तशी. भाऊसाहेबही तोऱ्यात सांगतात, "फ्लेमिंगो मिळाला." कुणी बघायला मागितला की कॅमेऱ्याची बॅटरी संपते.

आणि हाच माणूस घरी काय करतो? जानेवारीत मण्यात पाणी उतरलं की भाऊसाहेब बागेला जाळी मारतात, चमकी फिती बांधतात, डबे बडवतात, आणि बुलबुल आत शिरला तर गोफण घेऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. सोमवार ते शनिवार पक्ष्यांवर दगड, रविवारी तिकीट काढून दर्शन. मी एकदा हे बोलून दाखवलं. "बुलबुल रेसिडेंट आहे," ते म्हणाले, "पाहुण्याचं वेगळं असतं."

एक राहिलं. प्रत्येक फोटोखाली पक्ष्यापेक्षा मोठ्या अक्षरात 'भाऊसाहेब वाइल्डलाईफ' असं उमटवलेलं असतं. फोटो चोरीला जातात, असं त्यांचं म्हणणं. चोराची मला खरंच दया येते.

इथवर लिहून थांबलो असतो. पण २०१९ चा ऑगस्ट मधे येतो. गंगापूर आणि दारणा, दोन्ही धरणांकडचं पाणी एकदम उतरलं. चांदोरीच्या पुलाला पानवेली अडकल्या, पाणी पुलावर चढलं, आमच्या बाजारपेठेत शिरलं, घरांत शिरलं. ओसरलं तेव्हा मागं चिखल आणि भिंतींवर एकसारखी रेघ. कुठं दाराच्या कडीएवढी, कुठं देवाच्या फोटोएवढी. पंचनामे होणार, लोक घरं धुवायला काढणार, मग पुरावा काय राहणार?

भाऊसाहेबांच्या स्वतःच्या बागेत कमरेइतका गाळ होता. ते कॅमेरा घेऊन गल्लीत उतरले. सहाशेच्या लेन्समध्ये घर मावेना, म्हणून हा माणूस समोरच्या ओट्यावर, जमलं तर माडीवर चढायचा आणि रस्त्यापलीकडून उघड्या दारातून आतला फोटो घ्यायचा. भिजलेली पोती, उलटी कोठी, फुगलेलं दार, भिंतीवरची रेघ. ज्या घरात मोबाईल नव्हता, होता तो भिजला होता, त्या घराचा आधी. दिवस मावळेपर्यंत चाललं होतं. वहिनी डबा घेऊन मागं मागं.

ते फोटो मी पाहिले. लख्ख होते. पोत्याची शिवण मोजावी इतके. समोरचं काही उडून जात नसलं की भाऊसाहेबांचा हात बसतो, हे मला मान्य करावं लागलं. आम्ही पदरचे पैसे घालून प्रिंट काढल्या आणि पंचनाम्याला जोडायला दिल्या. साहेब एकेक पाहत होते. एका प्रिंटपाशी थांबले. सडलेल्या गव्हाच्या पोत्याला टेकून एक म्हातारी बसलेली, डोक्यावर रेघ, आणि पायाशी ठळक अक्षरांत 'भाऊसाहेब वाइल्डलाईफ'.

"हे काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"राहू द्या, साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "लोक चोरतात."