घरच्यासारख्या भाडेकरूचे घरमालकांस अनावृत पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

परवा ऑफिसात द्यायला मी भाड्याच्या पावत्या मागितल्या, तेव्हा आपण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "पावत्या कसल्या मागता? तुम्ही तर घरच्यासारखे!" पुण्यात भाड्याने राहणाऱ्याला घरमालकाने घरचं म्हणावं, हा योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असतो. मला भरून आलं. पावत्या मिळाल्या नाहीत ती गोष्ट वेगळी.

मग म्हटलं, आपलं हे घरचं नातं एकदा नीट मांडावं. आपल्यापाशी माझं आधार कार्ड आहे, पॅन कार्ड आहे, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आहेत. सोसायटीच्या फॉर्मवर सगळ्या कुटुंबाचा फोटो आहे. पोलिसांकडे भाडेकरू म्हणून माझी नोंद आहे. एजंटने घरी यंत्र आणून माझा अंगठा घेतला आहे. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारात चार पंखे, एक गिझर आणि स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट यांची यादी आहे. त्या यादीखाली मी वेगळी सही केली आहे. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागेल, हेही त्यात आहे. त्याबद्दल तक्रार नाही, कायदाच तसा आहे. ट्यूबलाइट लेखी, गिझर लेखी. दरमहा रोख मोजून घेतलेले पंचवीस हजार तेवढे विश्वासावर.

हा विश्वास फार शिस्तीचा आहे, काका. तो नेहमी माझ्याच बाजूने निघतो आणि आपल्या कपाटाशी येऊन थांबतो.

आता थोडं कायद्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यातलं कलम ३१ म्हणतं, की घरमालकाने पैसे हाती पडतील त्याच वेळी लेखी पावती द्यायची आहे. दिवाळीनंतर नाही, 'बघू' नाही. आपल्या शेजारच्या वकीलसाहेबांनी यावर जिन्यातच तोड काढली : "ते भाडेकरूंसाठी. तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू कुठे? तुम्ही परवानाधारक." बरं, राहिलं. मग त्याहून जुना कायदा घेऊ. १८९९ चा भारतीय मुद्रांक कायदा भाडेकरू आणि परवानाधारक असा भेद करत बसत नाही. किरकोळ रकमेपलीकडचे पैसे घेणाऱ्याने, देणाऱ्याने मागितली तर, तिकीट लावलेली पावती द्यायची, एवढंच तो सांगतो. रक्कम पाच हजारांच्या वर असली की लागतं एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. ते मी आणीन. वाटल्यास चिकटवीनही.

पावतीवाचून माझं अडतं कुठे, असं आपण विचारलंत. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्या पगारदाराला घरभाडे भत्त्यावर सवलत मिळते. त्यासाठी ऑफिस पावत्या मागतं, आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅनही मागतं. आपलं भाडं वर्षाला तीन लाख. म्हणजे घरात राहतो मी, भाडं भरतो मी, आणि आयकर खात्याच्या दृष्टीने मी बहुधा सारसबागेत झोपतो.

सकाळी फिरायला आपल्याबरोबर असतात त्या आपल्या मित्रांनी मला समजावलं. ते स्वतः करारात अठरा हजार लिहितात आणि वरचे सात हजार रोख घेतात. "स्टॅम्प ड्यूटी वाचते," म्हणाले. घरी येऊन मी हिशेब केला. लीव्ह अँड लायसन्सवर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क पाव टक्का. सात हजार गुणिले अकरा महिने, सत्त्याहत्तर हजार. त्याचा पाव टक्का १९२ रुपये ५० पैसे. एवढ्यासाठी कुणी दरमहा बंद पाकीट घेऊन जिन्यात उभं राहत नाही. खरी धास्ती आयकराची आहे, हे मलाही कळतं. पण तिथे सरकार आपल्याशी किती मायेने वागतं पाहा. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला महापालिकेचा कर वजा करायचा आणि उरलेल्या रकमेतून सरसकट तीस टक्के सोडून द्यायचे. दुरुस्ती केली का, रंग लावला का, एकही बिल दाखवायला लागत नाही. पावती न मागता तीस टक्के सूट मिळवणाऱ्याने एका पावतीला इतकं घाबरावं?

"मग ऑनलाइन पाठवा," असं आपण एकदा उदार मनाने म्हणालात. त्याच दमात सूचना केलीत, "रिमार्कमध्ये भाडं लिहू नका. 'हातउसने परत' लिहा." यातली बुद्धिमत्ता थोर आहे. बँकेचं स्टेटमेंट सांगेल, की माझ्या खात्यातून पैसे निघाले आणि आपल्या खात्यात पोचले. कशासाठी, कुठल्या महिन्याचे, कुठल्या जागेचे, ते मात्र पावतीच सांगते. उद्या वाद झाला आणि आपण "तीन महिने थकलेत" म्हणालात, तर भाडं भरल्याचं दाखवून देणं माझ्या गळ्यात. आणि माझ्या हातात कागद असेल तो असा, की मी आपल्याकडून दरमहा पंचवीस हजार उसने घेत होतो आणि इमानेइतबारे फेडत होतो. तेव्हा आपण थकलेल्या भाड्याबरोबर उसन्या पैशांवरचं व्याजही मागू शकाल.

हे कौशल्य आपल्या घराण्यातच असावं. गिरगावात आपल्या मेहुण्यांची चाळ आहे, पगडीची. तिथे पावतीला कागद म्हणणं हा तिचा अपमान. पावतीवर नाव ज्याचं, खोली त्याची. बाप गेल्यावर पावती मुलाच्या नावावर करायची तर मालक आधी आकडा सांगतो, मग पेन काढतो. पुनर्विकासाचं वारं सुटलं की बिऱ्हाडकरू आधी जुन्या पावत्यांची ट्रंक शोधतात. आपले मेहुणे आपल्याहून एक पायरी पुढे गेले आहेत : ते भाडंच घेत नाहीत. घेतलं नाही की पावती द्यावी लागत नाही, पावती दिली नाही की भाडं थकलं म्हणता येतं, आणि थकलं म्हटलं की नोटीस काढता येते. पण चाळकरीही काही कालचे नाहीत. त्यांनी मनीऑर्डरी केल्या, आणि 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलेल्या मनीऑर्डरी रेशन कार्डाशेजारी जपून ठेवल्या. कारण नोटिशीनंतर नव्वद दिवस जाईपर्यंत मालकाला थकबाकीचा दावा लावता येत नाही, आणि भाडं द्यायला जो तयार आहे त्याला कायदा सहजी बाहेर काढू देत नाही. मेहुण्यांनी नाकारलेला प्रत्येक रुपया असा त्यांच्याच विरुद्ध साक्ष देऊ लागला.

आणखी एक कलम आपल्या कानावर घालतो, मित्रांनाही सांगा. त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर वेगळं सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तोंडी व्यवहाराची हौस कायद्यालाही आहे, फक्त तिथे तोंड भाडेकरूचं.

तेव्हा विनंती अशी. सोबत पावतीपुस्तक पाठवलं आहे. नाव, फ्लॅट नंबर, महिना, रक्कम, रोख की बँकेतून, हे सगळं मी भरून ठेवलं आहे. आपण तारीख, सही आणि पॅन एवढंच घालायचं. पहिलं पान डिपॉझिटचं आहे. ते जरा लक्ष देऊन भरा. जाताना त्यातून भिंतींच्या रंगाचे पैसे कापायचे झाले, तर मुळात किती होते ते दोघांनाही ठाऊक असलेलं बरं. पुढच्या अकरा महिन्यांसाठी करारात एक वाक्यही वाढवू : 'रक्कम मिळताच पावती देईन.' ट्यूबलाइटच्या ओळीखाली जागा आहे.

हे मान्य नसेल, तर आपलंच तत्त्व दोन्हीकडून पाळू. दर महिन्याच्या पाच तारखेला मी जिन्यात उभं राहून सांगेन, "काका, भाडं दिलं बरं का." आपण पैसे मोजायला लागू नये. घरच्यांत मोजतात का?

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुराव्याअभावी भाडेकरू

ता. क. : या महिन्याचं भाडं आज आपल्या खात्यात जमा केलं आहे. रिमार्कमध्ये महिना, फ्लॅट नंबर आणि 'घरभाडे' असं स्वच्छ लिहिलं आहे. ते पसंत नसेल तर रक्कम खुशाल परत करा. फक्त तीही खात्यातूनच करा.