धुळे दौरा : खेळाडूनिहाय अहवाल

मराठी वर्तमानपत्रांत बेसबॉल अधूनमधून येतो, पण क्रीडापानावर नाही. 'बेसबॉलच्या दांडक्याने मारहाण, तिघांवर गुन्हा' अशा मथळ्याखाली येतो. त्यामुळे पारोळ्याच्या अलीकडे नाकाबंदीत आमच्या दोन क्रूझर थांबवल्या गेल्या, टपावरच्या पोत्यातून अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटी, जाळीचे मुखवटे आणि छातीला बांधायचे पट्टे निघाले, तेव्हा हवालदारसाहेबांचा चेहरा पडला यात त्यांची काही चूक नव्हती.

"कुठे चालले?"

"धुळे."

"कोणाशी आहे?"

"धुळ्याशीच," एक पोरगा अभिमानाने म्हणाला.

"आणि तुम्ही कोण?" मी पुढच्या सीटवरून उतरत होतो. आधी पोट उतरलं, मग मी. म्हटलं, "मी यांचा हिशेब ठेवतो."

या वाक्याने परिस्थिती सुधारली नाही. शेवटी कोच सरांनी शिक्क्याचं पत्र दाखवलं. साहेबांनी एक चेंडू हातात घेऊन वजन पाहिलं, "हा लागला तर माणूस जाईल की हो," असं म्हणून आम्हाला सोडलं आणि जाता जाता "जिंकून या" असंही सांगितलं. ती एक गोष्ट सोडून बाकी सगळं आम्ही करून आलो.

हिशेब ठेवतो हे मात्र खरं. आयुष्यभर एका पतपेढीत कीर्द-खतावणी केली. निवृत्तीनंतर घरात बसून भाजीचा हिशेब तपासायला लागलो, तेव्हा सौभाग्यवतींनीच कोच सरांना गाठून मला संघाचा गुणलेखक करून टाकलं. बॅट मी आजवर फक्त उचलून गाडीत ठेवली आहे. पण या खेळात माझ्यासारख्यांना मोठा आधार आहे. हेन्री चॅडविक नावाचा माणूस 1824 साली इंग्लंडमधल्या एक्झिटरला जन्मला, लहानपणी अमेरिकेला गेला, क्रिकेटच्या बातम्या लिहिता लिहिता बेसबॉलकडे वळला आणि त्याने या खेळाला चौकटींचा तक्ता दिला. स्ट्राइकआउट झालेल्याच्या नावापुढे 'के' लिहायची पद्धत त्याचीच. 1938 साली त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, ते वहीपेन्सिलीच्या जोरावर. तेव्हापासून गाडीतली पुढची सीट हा गुणलेखकाचा हक्क आहे असं मी धरून चालतो. मागे बसणाऱ्या पोरांना चॅडविक मान्य नाही.

दौऱ्यावरून आलं की वर अहवाल द्यावा लागतो : कोण खेळला, कोण नाही, पुढच्या वेळी कोणाला न्यायचं. तो लिहायला बसलो आणि हे लांबत गेलं.

प्रवासात पाहिलेली स्थळं आधी उरकतो. बांभोरीचा पूल आला, गिरणेत पाणी नव्हतं. एरंडोलहून पद्मालयाला वळलो नाही. तिथे एका गाभाऱ्यात दोन गणपती आहेत आणि पोरांनी दोघांकडे वेगवेगळं मागितलं असतं. पारोळ्याचा भुईकोट 1727 सालचा, तो एका पोराच्या कोपरामागून दिसला. धुळ्याजवळचा लळिंग किल्ला राहिला. जळगाव-धुळे अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, पण मार्चअखेरच्या उन्हात क्रूझरमध्ये ते जास्त भरतं.

धुळ्याबद्दल जळगावकराने काय बोलावं? 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्याआधी आमचा कारभार धुळ्याहूनच चालायचा. तो रुबाब धुळेकरांच्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. "जळगावचे का? या, या," हे ते असं म्हणतात की वाटावं, आपण दाखला मागायला आलोय. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. बेसबॉलच्या वहीतही क्षेत्ररक्षण नोंदताना खेळाडूला नाव नसतं, जागेचा नंबर असतो : पिचर 1, कॅचर 2, शॉर्ट स्टॉप 6, राइट फील्डर 9. शॉर्ट स्टॉपने चेंडू अडवून सेकंड बेसला दिला, तिथून तो फर्स्टला गेला आणि दोघं बाद झाले, की वहीत फक्त 6-4-3 लिहायचं. उतरण्याची जागा शोधताना आम्ही सहा नंबरच्या गल्लीतून चारमध्ये आणि तिथून तीनमध्ये गेलो, तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "डबल प्ले!" कोणी हसलं नाही. सगळ्यांना भूक लागली होती.

आता सामना. आमची पोरं मूळची सॉफ्टबॉलची. खानदेशात शाळाशाळांतून तोच जास्त चालतो. त्यात बेसपासून बेस 60 फूट, बेसबॉलमध्ये 90. साठ फूट धावल्यावर आमच्या पोरांच्या पायांना वाटतं, पोहोचलो. उरलेले तीस फूट ती आश्चर्यात काढतात. पहिले दोन डाव याच आश्चर्यात गेले. मग तिसरा डाव आला.

या खेळात डावाला घड्याळ नाही, ही त्याची थोरवी समजतात. तीन बाद होईपर्यंत डाव संपत नाही. मग संध्याकाळ होवो की पावसाळा येवो. धुळ्याचे दोन गडी झटपट गेले. तिसऱ्याने चेंडू उजवीकडे उंच मारला. बेसबॉलच्या नियमपुस्तकात मैदानाची दिशासुद्धा सुचवलेली आहे : होमपासून सेकंड बेसकडे जाणारी रेघ पूर्व-ईशान्येला असावी, म्हणजे फलंदाजाच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येत नाही. ते ऊन मग कोणाच्या डोळ्यांवर येतं याची नियमपुस्तक चौकशी करत नाही. ते राइट फील्डरच्या डोळ्यांवर येतं. धुळेकरांनी मैदान अगदी नियमाबरहुकूम आखलं होतं.

आमचा नऊ नंबर धावला. किती धावला हे सांगायला हवं, कारण वहीत त्याला रकाना नाही. फाउलच्या रेघेपर्यंत, एक डोळा मिटून, हात लांबवून. चेंडू ग्लोव्हच्या टोकाला लागला आणि खाली पडला.

धुळ्याचे अधिकृत गुणलेखक माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी शांतपणे लिहिलं : ई-9. एरर, राइट फील्डर.

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "सामान्य प्रयत्नात जमला असता तरच एरर. हा प्रयत्न सामान्य होता का?"

"ग्लोव्हला लागला ना?"

"लागण्याचा संबंध नाही. नियमात तसं कुठेही नाही."

"लागला म्हणजे पोहोचला, पोहोचला म्हणजे पकडायला हवा होता."

आम्ही दोघंही जन्मात चेंडू न पकडलेले, त्यामुळे वाद चांगला रंगला. तो रंगेपर्यंत धुळ्याच्या दोन धावा झाल्या होत्या. प्रेक्षक "पय रे भो, पय!" म्हणून ओरडत होते आणि ज्याने धावायचं नव्हतं असा आमचा फर्स्ट बेसही धावायला लागला होता.

पुढचा चेंडू 7 आणि 8 यांच्या बरोबर मध्ये आला. दोघंही तिथे निवांत पोहोचले असते. सात म्हणाला, "तुझा." आठ म्हणाला, "तुझा." चेंडू दोघांच्या मधोमध पडला आणि दोघांनी त्याच्याकडे बघितलं. मी भाऊसाहेबांकडे बघितलं. त्यांनी हिट लिहिली, आणि दुर्दैव असं की त्यांचं बरोबर होतं. दोघांच्या गैरसमजात न शिवता पडलेल्या चेंडूला सहसा हिटच देतात. एरर कोणाच्याच नावावर चढत नाही. पतपेढीत इतकी वर्षं काढून मला हे नवीन नव्हतं. दोन टेबलांच्या मध्ये पडलेल्या फायलीची जबाबदारी कोणावर आली, असं मी कधी पाहिलेलं नाही.

नऊच्या नऊ जण फलंदाजी करून पुन्हा पहिला आला. माझ्या पानावरची चौकट संपली, मी शेजारची घेतली. कोच सर उठले, बसले, पुन्हा उठले, शेवटी झाडाखाली जाऊन मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. आणि आमचा पिचर? तो हसत होता. त्याला नियम ठाऊक होता. दोन बाद असताना एरर झाला नसता तर डाव तिथेच संपला असता. म्हणून त्यानंतरच्या सगळ्या धावा 'न कमावलेल्या'. त्या पिचरच्या सरासरीत धरत नाहीत. धुळेकर चहूबाजूंनी फटके मारत होते आणि याचं खातं कोरं राहत होतं. सगळं कर्ज नऊ नंबरच्या नावावर.

डाव संपला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. धुळेकर धावून धावून दमले. सेकंड बेसजवळ पुढच्या धावपटूच्या पोटरीत गोळा आला, तो वाकला. मागचा मान खाली घालून पळत येत होता, तो त्याला ओलांडून गेला. पुढच्याला ओलांडलं की मागचा बाद. तिसरा बाद! आता याचं श्रेय वहीत कोणाला? नियम सांगतो, ओलांडलं त्या जागेच्या सगळ्यात जवळ जो क्षेत्ररक्षक असेल त्याला. सगळ्यात जवळ आमचा चार नंबर होता. मोजा वर ओढत होता. त्याला पुटआउट मिळालं.

म्हणजे त्या डावाचा कागदोपत्री निकाल असा : पिचर निर्दोष, सात आणि आठ निष्कलंक, चार नंबर कर्तबगार, आणि जो एकटा जिवाच्या आकांताने धावला तो गुन्हेगार.

रात्री शेवभाजी होती. तिखट इतकं की हरल्याचं दुःख कोणाला वेगळं जाणवलं नाही. पोरं रिंकू सिंगबद्दल बोलत होती. उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू, 2008 साली पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने करारबद्ध केला, पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत पैलवान झाला. "म्हणजे एवढं करून शेवटी कुस्तीच ना," सात नंबर म्हणाला. त्यांच्या आईबापांचं गणित याहून साधं आहे : दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण.

नऊ नंबर माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचे वडील सावद्याकडे केळीच्या गाड्या भरतात. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आप्पा, ते कागदावर कायम राहतं का?"

"राहतं."

"बरं," म्हणाला आणि माझ्या ताटात आणखी शेव वाढली. मला पुढे जेववलं नाही. तिखटामुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं.

सकाळी निघण्याआधी मी राजवाडे संशोधन मंडळाची इमारत पाहून आलो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 साली धुळ्यातच गेले, पुढच्याच वर्षी मंडळ निघालं. दारोदार फिरून जुने कागद गोळा करणारा आणि अस्सल कागदावाचून कोणाचं काही ऐकून न घेणारा माणूस. मी माझी वही काखेत धरून फाटकाशी जरा वेळ उभा राहिलो. शंभर वर्षांनी कोणी ही वही तपासली तर त्याला ई-9 सापडेल, धावणं सापडणार नाही.

यावर अमेरिकेत एका माणसाने विचार केलेला आहे. बिल जेम्स त्याचं नाव. कॅन्ससमध्ये डबाबंद घेवडा तयार करणाऱ्या एका कारखान्यात रात्रीचा रखवालदार होता. 1977 साली त्याने आकडेवारीची पहिली पुस्तिका स्वतःच छापली. क्षेत्ररक्षकाबद्दल त्याचं म्हणणं असं की चुका मोजून त्याची किंमत कळत नाही, कारण जो चेंडूपर्यंत जातच नाही त्याची चूक होत नाही. किती चेंडूंचा त्याने निकाल लावला ते मोजा. खानदेशातल्या कुठल्याही कचेरीच्या भिंतीवर हे लावायला हरकत नाही.

तर अहवाल असा. पिचर : हात उत्तम, हसणं कमी करावं. सात आणि आठ : एकमेकांशी ओळख करून द्यावी. चार : मोजे बदलावेत. फर्स्ट बेस : प्रेक्षकांचं ऐकू नये. नऊ : कायम ठेवावा, त्याच्याबद्दल चर्चा नको.

आणि एक जुनी मागणी पुन्हा. नऊ नंबर डावखुरा आहे. डावखुऱ्याला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो, कारण डाव्याने फेकायचं असतं. आमच्या पोत्यातले सगळे ग्लोव्ह डाव्या हाताचे. पोरगा डाव्या हाताने चेंडू पकडतो, ग्लोव्ह काढून काखेत मारतो आणि मग त्याच हाताने फेकतो. तेवढ्यात धुळ्याचा माणूस एक बेस पुढे गेलेला असतो. ग्लोव्हची मागणी यादीत दर वर्षी लिहिली जाते आणि दर वर्षी वरून 'पुढील आर्थिक वर्षात पाहू' असा शेरा येतो. मला त्या शेऱ्याचा राग येतो. असे शेरे मीही पुष्कळ टंकलिखित केले आहेत, त्यामुळे त्यांचा अर्थ मला चांगला कळतो.

म्हणून आता थेट वाचकांनाच सांगतो. तुमचा कोणी पुतण्या-भाची न्यूजर्सीहून, डॅलसहून सुट्टीला येणार असेल तर त्याला चॉकलेटं आणू नको म्हणावं. चॉकलेटं जळगावात फुले मार्केटमध्ये मिळतात. उजव्या हातात घालायचा एक ग्लोव्ह आणायला सांगा, जुना असला तरी चालेल.