बीएस-६ साहेब, गाडीचा दम परत करा

प्रति,
मा. भारत स्टेज सहा ऊर्फ बीएस-६ साहेब,
मुक्काम : अर्धा बॉनेटखाली, अर्धा सायलेन्सरच्या पोटात.

विषय : जालन्याच्या एमएच-२१ पासिंगच्या गाड्यांचा दम खाऊन टाकल्याबाबत.

महोदय,

१ एप्रिल २०२० रोजी आपण, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम, देशभर रुजू झालात. सगळा देश तेव्हा टाळेबंदीत घरात कोंडलेला, त्यामुळे आपल्या स्वागताला कोणी आले नाही. त्याआधीचे बीएस-४ साहेब सोलापूरला २०१० मध्येच पोचले होते, पण देशभर त्यांचा अंमल सुरू झाला तो १ एप्रिल २०१७ ला. त्यांची तीन वर्षे भरतात न भरतात तोच आपण हजर! मधल्या पाच नंबरच्या साहेबांना तर खुर्चीवर बसूच दिले नाही. एवढी घाई सरकारी खात्यात सहसा दिसत नाही.

तेव्हापासून जालन्यात नवा मोंढा असो की अंबड चौफुली, चहाच्या टपरीवर गाड्यांचा विषय निघाला की एकच निकाल लागतो : ‘बीएस-सहात दम नाही राहिला.’ बोलेरोवाला म्हणतो, पिकअप गेला. बुलेटवाला म्हणतो, आवाज गेला. हा जनक्षोभ आपल्या कानी घालावा, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

तक्रारदारांची एकच अडचण आहे. पुरावे गोळा करायला बसले की ते आपल्याच बाजूने साक्ष देतात. बोलेरोचे दीड लिटरचे इंजिन बीएस-४ मध्ये ७० हॉर्सपॉवरचे होते, ते आपण आल्यावर ७५ चे झाले. टॉर्क १९५ वरून २१० न्यूटन-मीटरवर गेला. जुनी थार १०५ ची, आपल्या काळातली डिझेल थार १३० ची. पुढाऱ्यांच्या ताफ्यातली पांढरीशुभ्र फॉर्च्युनर १७७ पीएसची होती, ती जानेवारी २०२१ मध्ये २०४ ची झाली. पुढाऱ्यांना तर आपण काहीच तोशीस लागू दिली नाही, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे.

मग दम गेला कुणाचा? स्प्लेंडरचा. तिची ताकद ८.२४ वरून ७.९१ झाली, म्हणजे घट जेमतेम एक तृतीयांश अश्वशक्तीची. क्लासिक ३५० ची १९.८ वरून १९.१ झाली. ही घट राजूरच्या गणपतीला डबलसीट निघालेल्या माणसाला जाणवत असेल, तर त्याची पाठ फारच हळवी म्हणायची. खरा फटका बसला तो छोट्या डिझेलला. मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच जाहीर केले की पुढच्या एप्रिलपासून डिझेल बंद, आणि स्विफ्ट-डिझायरमधले १.३ लिटरचे ते काटक इंजिन इतिहासजमा झाले. रॉयल एनफिल्डची ५०० सीसीची बुलेटही त्याच सुमारास गेली. इथे घोडे कमी झाले नाहीत, तबेल्यालाच कुलूप लागले. आपल्या अटी पाळण्याचा खर्च चाळीस लाखांच्या गाडीत मुरतो, आठ लाखांच्या गाडीत मुरत नाही.

आपल्या अटी तशा कडकच. डिझेल गाडीने किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडलेले बीएस-४ ला चालत होते. आपल्याला ८० च्या वर चालत नाही. काजळीची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर. त्यासाठी तेलकंपन्यांना इंधनातले गंधकसुद्धा ५० पीपीएमवरून १० वर आणावे लागले. इंजिनात ईजीआर नावाची झडप असते. ती जळालेल्या धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडते. प्राणवायू कमी झाला की आतले तापमान उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. पुढे डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी बारीक छिद्रांची जाळी. तिच्यातून धूर ढकलण्यातही इंजिनाची थोडी शक्ती खर्च होते. हे नुकसान भरून काढायला कंपन्यांनी सुधारलेले टर्बो, जास्त दाबाचे इंजेक्शन आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा संगणक, म्हणजे ईसीयू, बसवला. बोलेरोचे वाढलेले पाच हॉर्सपॉवर अशा खटाटोपातून आले आहेत.

आणि नेमके तिथेच गॅरेजवाल्याचे दुखणे आहे. कार्ब्युरेटर होता तेव्हा पेचकस घेऊन हवेचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, कान देऊन ऐकायचे, पुन्हा पाव आटा मागे, की गाडी ‘लागली’. आता त्या जागी सेन्सर बसलाय. काहीही काढले-घातले की डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटतो, गाडी आपणहून ताकद उतरवते आणि मालक मिस्त्रीकडे संशयाने बघतो.

यावरही तोडगा निघाला आहेच. लॅपटॉप लावून ईसीयूचा प्रोग्रॅम बदलायचा, त्याला ‘रिमॅप’ म्हणतात. डीपीएफच्या पोटातली जाळी फोडून डबा रिकामा करायचा, ईजीआरला पत्रा मारायचा आणि दिवा पेटू नये म्हणून प्रोग्रॅमलाच गप्प करायचे. गाडी पळते, यात शंका नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मात्र सांगते, की कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तजवीज केली. प्रदूषण आणि आवाजाचा दंड वेगळा, १० हजारांपर्यंत. म्हणजे हौसेच्या बिलावर जीएसटीखेरीज आणखी बरेच काही लागू शकते. सरळ वाटही आहे म्हणा : ऑगस्ट २०२२ पासून बीएस-६ पेट्रोल गाडीला मान्यताप्राप्त सीएनजी किट लावून आरटीओत नोंद करता येते. पण त्यात फटाके फुटत नाहीत, मग मजा ती काय!

फटाक्यांवरून बुलेट आठवली. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. कंपनीचा सायलेन्सर काढून पंजाबी पुंगळी बसवली, की मंगल कार्यालयासमोर दणके काढता येतात. अनेक गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. महाराष्ट्रात ठिकठिकाणी चोरांनी मारुती इकोचे सायलेन्सर उगीच पळवले नाहीत. या धातूंच्या आतल्या ‘माती’साठी पळवले. मालक जी वस्तू अडगळ म्हणून काढतो, तिचा भाव चोराला अचूक ठाऊक असतो.

या हातचलाखीत जालनेकर एकटे नाहीत, हेही आपल्या लक्षात असावे. फोक्सवॅगनने २०१५ मध्ये कबूल केले, की चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारे सॉफ्टवेअर आपल्या गाड्यांत होते. भारतात त्यांना सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांत स्कोडा आणि ऑडीही होत्या, ज्यांचा कारखाना जालना रोडवर शेंद्र्यात आहे. हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. वसुलीला पुढे सर्वोच्च न्यायालयाने अटकाव केला. आता एप्रिल २०२३ पासून आपण कंपन्यांच्या गाड्या प्रयोगशाळेबाहेर, रस्त्यावरही तपासता. बरे झाले.

शेतकऱ्याने तर आपल्या चुलतभावाला केव्हाच वळसा घातला आहे. ट्रॅक्टरचे ट्रेम-४ हे नियम १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्यांना लागू झाले. मंठा-परतूरकडचा शेतकरी शोरूममध्ये गेला आणि एका हॉर्सपॉवरमागे किंमत किती उडी मारते हे त्याने पाहिले, की एकोणपन्नासच्या ट्रॅक्टरवर त्याचे प्रेम का बसते, हे कोणी समजावून सांगायला नको.

आता थट्टा बाजूला. तक्रारींत एक खरी आहे. डीपीएफमधली काजळी जाळायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटे बऱ्यापैकी वेगात पळावी लागते. समृद्धी महामार्गावर ते सहज होते. मामा चौक ते भोकरदन नाका एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत होत नाही. जाळी तुंबते, दिवा लागतो, आणि स्कॅनर नसलेला गावातला मिस्त्री हात वर करतो. जाळी फोडून देणारा माणूस त्याच क्षणी भेटतो. ज्याची धाव गावापुरतीच, त्याला डिझेल विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवे, ते कोणी सांगत नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची पातळी न गाठणाऱ्या महाराष्ट्रातल्या शहरांच्या यादीत जालन्याचे नाव आहे. सळई कारखान्यांचा धूर त्यात आहेच. पण म्हणून गाडीच्या धुराला मोकळीक मिळावी, हा युक्तिवाद टपरीवरच शोभतो.

तेव्हा विनंती इतकीच. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या पोरांच्या हाती पेचकसाबरोबर स्कॅनरही द्यावा, आणि पीयूसी केंद्राचे यंत्र बदलावे. आजही तिथे डिझेल गाडीच्या फक्त धुराची दाटी मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत.

कळावे,
एमएच-२१ चा एक वाहनधारक