सव्विसाव्या किलोचा मोक्ष

जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला, कल्याण-अहिल्यानगर रस्त्याने घाट चढून गेल्यावर जे आणे गाव लागते, त्याच्या नावाचे नाणे सरकारने 1957 साली दशमान पद्धती आणून मोडीत काढले. गाव मात्र अद्याप सोळा आणे शाबूत आहे. पठार कोरडे, आणि बाजरी हाच येथील खरा खजिना. ती शेतात पिकते असा आमचा आजवर भाबडा समज होता. परंतु माल हा द्विज असून त्याचा पहिला जन्म शेतात आणि दुसरा राजपत्रात होतो, हे ज्ञान आम्हांस आळेफाट्याच्या एका दुकानात झाले.

दुकानदाराने पंचवीस किलोंचे पोते काट्यावर चढवले, मापाने आणखी एक किलो बाजरी ओतली, आणि दाभणाने सुतळी ओवीत म्हणाला, "मास्तर, या एका किलोनं बाकीचे पंचवीस सुटले बघा!" 18 जुलै 2022 पासूनचा नियम असा की, हीच बाजरी सुटी घ्याल तर वस्तू व सेवा कर शून्य, पंचवीस किलोंपर्यंतच्या पिशवीत बंद करून वर नाव, वजन व किंमत यांची चिठ्ठी डकवली, की 5 टक्के. धान्य तेच, किडाही तोच. परंतु चिठ्ठी म्हणजे मौंजीबंधन, आणि ते झाल्यावर दक्षिणा चुकत नाही. विश्वामित्राला प्रतिसृष्टी रचण्यास तप करावे लागले. अर्थखात्यास एक अधिसूचना पुरते.

याच आण्यात रंगदास स्वामींच्या यात्रेत भोवतालच्या गावांतून भाकऱ्या येतात, कढयांतून आमटी उकळते, आणि पंगतीत बसणाऱ्याची जात, गाव वा पाकीट कोणी विचारीत नाही. देवस्थानाच्या प्रसादावर कर नाही, हे कायद्याचे औदार्यच. त्यातल्या मसाल्याने 5 टक्के आधीच भरलेले असतात, ही गोष्ट निराळी. शिवाय 2006 चा अन्नसुरक्षा कायदा नफ्यासाठी चालवलेला आणि बिननफ्याचा, असे दोन्ही उपक्रम 'अन्न व्यवसाय' या एकाच सदरात घालतो. तेव्हा पळीने आमटी वाढणारे आमचे आप्पा, स्वतःस ठाऊक नसताना, व्यवसायात पडले आहेत.

वाचकहो, यात्रेस अवश्य या, आमटी पोटभर ओरपा. घरच्यांसाठी डबा भरून नेणारच असाल, तर एवढे करा, त्यावर चिठ्ठी तेवढी डकवू नका.