ट्यूबलाइटखालचा डॉक्टर

वैद्यकीय प्रतिमा-विश्लेषणाचा प्राध्यापक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात आढळतो. पीएच.डी. मिळाल्यावर त्याच्या नावाआधी ‘डॉ.’ लागते आणि आठवड्याभरात शेजारच्या काकू गुडघ्याचा एक्स-रे घेऊन येतात. ‘मी तसला डॉक्टर नाही,’ असे तो तीन वर्षे सांगतो. चौथ्या वर्षी तो फिल्म ट्यूबलाइटसमोर धरतो. गुडघ्यातले त्याला काही कळत नाही. ‘कॉन्ट्रास्ट कमी आहे,’ एवढेच तो सांगतो. काकू त्या दिवसापासून जिना चढणे सोडतात.

त्याच्या कारकिर्दीचे दोन कालखंड पडतात. पहिल्यात तो मॅटलॅब या सॉफ्टवेअरवर चित्रातल्या कडा शोधतो. काळे कुठे संपते आणि पांढरे कुठे सुरू होते, हे ठरवायला १९७९ ची ओत्सूची पद्धत आणि १९८६ ची कॅनीची पद्धत त्याला पंधरा वर्षे पुरतात. दुसरा कालखंड २०१५ नंतरचा. त्या वर्षी जर्मनीतल्या फ्रायबुर्गहून ‘यू-नेट’ हे न्यूरल नेटवर्क आले. आकृती इंग्रजी यू अक्षरासारखी, म्हणून हे नाव. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रबंधात एक यू असतो आणि त्याआधी ‘सुधारित’ हा शब्द.

चित्रे मिळवणे हे या व्यवसायातले खरे दुखणे. रुग्णालयात मागायला गेल्यास एथिक्स कमिटीची पुढची बैठक दिवाळीनंतर असते. म्हणून तो ‘ड्राइव्ह’ या डच संचाकडे वळतो. त्यात डोळ्याच्या पडद्याची ४० चित्रे आहेत: २० शिकवायला, २० तपासायला. त्या अनोळखी डोळ्यांतली शीर न् शीर त्याला पाठ असते. बायकोने नवा चष्मा घेतल्याचे मात्र महिन्याने लक्षात येते.

दुसरे दुखणे अचूकतेचे. मेंदूच्या चित्रात गाठ शंभरातल्या एकाच ठिपक्याएवढी असेल, तर ‘गाठ नाहीच’ असे सरसकट सांगणारा प्रोग्रामही ९९ टक्के अचूक ठरतो. विद्यार्थी नेमका हाच आकडा आणि पेढे घेऊन येतो. मग प्राध्यापक त्याला डाइस गुणांक समजावतो: डॉक्टरने रंगवलेली गाठ आणि यंत्राने रंगवलेली गाठ एकमेकींवर किती बसतात, याचे हे माप. १९४५ मध्ये ते निघाले परिसरशास्त्रात, दोन जाती कितपत एकत्र आढळतात हे मोजायला. विद्यार्थ्याचा डाइस शून्य भरतो. तोवर पेढे संपलेले असतात.



निवृत्तीच्या सुमारास, आयुष्यभर पडद्याकडे वाकून पाहिल्याने, त्याच्याच मानेचा एमआरआय निघतो. रेडिओलॉजिस्ट दोन मिनिटांत सांगतो, ‘चकती सरकली आहे.’ प्राध्यापक विचारतो, ‘स्लाइस किती मिलिमीटरची?’ घरी आल्यावर कळते की नव्या लॅपटॉपला एमआरआयची सीडी घालायची सोयच नाही. मग तो फिल्म ट्यूबलाइटसमोर धरतो.

‘काय रे, काय दिसतंय?’ काकू दारातून विचारतात.

‘कॉन्ट्रास्ट चांगला आहे,’ तो समाधानाने सांगतो.