बोगी म्हणजे डबा नव्हे

भंडाऱ्यात वाघीण म्हटलं की माणसं कोका अभयारण्याकडे बघतात. आमचे भाऊ वरठीच्या भंडारा रोड स्टेशनाकडे बघतात. त्यांची वाघीण मालगाडीतली, आणि तीही अख्खी नको. फक्त खालची चाकं.

भाऊ लेगोच्या ठोकळ्यांच्या आगगाडीसाठी बोग्या बनवतात. बोगीला डबा समजणाऱ्याला त्यांच्या घरी चहा मिळत नाही. "डबा वरचा, बोगी खालची. दोन आस, चार चाकं, मधात एक खुंटी. काहून जी, बंडीच्या चाकाले तुम्ही बंडी म्हणता का?" पेपरात 'बोगीला आग' असं छापून आलं की आधी लाल पेन निघतं. कोणी भाजलं का, ते मागाहून.

मोटर त्यांनी कधी लावली नाही. ओढणारा असला की वाकडं चाकही चालतं म्हणे. बिनमोटरीच्या बोगीची परीक्षा पाटावर: एका कडेखाली डाळीचा डबा, वरून बोगी सोडायची. विक्रम देवघरापर्यंतचा. "अजी, पाट द्या, पाहुणे उभेच आहेत," हे वहिनींचं वाक्य त्या विक्रमाइतकंच जुनं.

लेगोच्या रुळांत आतून ३७.५ मिलिमीटर अंतर, आपल्या ब्रॉडगेजमध्ये १६७६. म्हणजे सुमारे पंचेचाळिसावा हिस्सा. हे मला एका लग्नाच्या पंगतीत कळलं. भात निवला.

खरा घोर तीन आसांच्या बोगीचा. डब्ल्यूएजी-९ इंजिनाखाली तशा दोन असतात. खेळण्यातल्या वळणाची त्रिज्या अवघी ३२ सेंटीमीटर. तीन आस एका रेषेत आवळले की बोगी वळणात अडकते, नाहीतर रूळ सोडते. मधला आस डावी-उजवीकडे सरकता ठेवायचा, एवढाच उपाय. तो सुचायला भाऊंना दोन पावसाळे लागले आणि आसांपायी वहिनींच्या दोन छत्र्या गेल्या. वंगण म्हणून पोराच्या पेन्सिलीचं शिसं. परीक्षेच्या आदल्या रात्री.

गाव पितळेचं, म्हणून एकदा कासाराकडेही गेले. गुंड घडवणाऱ्या माणसाला पाच मिलिमीटरचं बुश मागितलं. त्यानं भाऊंकडे पाहिलं, हातोड्याकडे पाहिलं आणि पाणी विचारलं.

आता कपाटात बोग्याच बोग्या आहेत. शेजारच्या पोरानं परवा विचारलं, "काका, याच्यावर डबा कधी बसवता?"

भाऊ दचकले. "डबा बसवला, की खालचं दिसत नाही न बाबू."