दहा दिवस नुसतं बसायचं

सप्टेंबरात लेहला मॅरेथॉन असते. २०१२ साली सुरू झालेली ही शर्यत सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर धावली जाते आणि तिची तयारी करणारे आमच्यासारखे पुष्कळ जण राहतात समुद्राच्या काठाला. भरती आणि पाऊस एकाच वेळी आले की आमचा रस्ता समुद्राच्याही खाली जातो.

मुंबईत चढ शोधावा लागतो. पेडर रोडचा चढ आम्ही फार मानतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये तो शेवटच्या टप्प्यात येतो आणि पुढे वर्षभर लोक त्याच्या आठवणी एव्हरेस्टवरून परतल्यासारख्या सांगतात. वास्तविक शेजारच्या मलबार हिलचा माथाही जेमतेम पन्नास मीटर. बरं, मुंबई सोडली तरी फार काही हाती लागत नाही. साताऱ्याचा यवतेश्वर घाट मांड्यांची परीक्षा बघतो, हे खरं. पण राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाईसुद्धा १६४६ मीटर, म्हणजे लेहच्या बाजारपेठेच्या निम्मंही नाही. सह्याद्रीचा अभिमान आपल्या जागी. इथं त्याचा उपयोग नाही.

मग उरतो जिना. सात मजले चढायचे, लिफ्टने खाली यायचं, पुन्हा चढायचे. (उतरताना गुडघे जातात, असं सगळे सांगतात.) चौथ्या मजल्यावरच्या काकू दाराशी दुधाच्या पिशव्या घ्यायला उभ्या असतात. पहिल्या फेरीला त्या विचारतात, "लिफ्ट बंद आहे का रे?" "नाही काकू, चालू आहे." दुसऱ्या फेरीला त्या नुसत्या बघतात. तिसऱ्या फेरीला त्यांनी थेट सेक्रेटरींना फोन लावला. संध्याकाळी लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला होता : 'लिफ्ट चालू आहे. सभासदांनी घाबरून जाऊ नये.'

या सगळ्याने पाय तयार होतात. प्रश्न पायांचा नसतोच. लेहच्या हवेतही ऑक्सिजन आपल्याइतकाच, एकवीस टक्क्यांच्या आसपास. कमी असतो तो हवेचा दाब. तो समुद्रसपाटीच्या जेमतेम पासष्ट टक्के. त्यामुळे छाती भरून श्वास घेतला तरी आत येणारा माल एक तृतीयांशाने कमी. शरीर यावर उपाय करतं, पण सरकारी गतीने. श्वास जलद होतो तो लगेच. मूत्रपिंडं काही तासांत अस्थिमज्जेला निरोप धाडतात की तांबड्या पेशी वाढवा. त्या पेशी मोठ्या संख्येने रक्तात यायला मात्र आठवडे लागतात.

या निरोपाला जिन्यावरून चिथावता येत नाही. बाजारात काळे मुखवटे मिळतात. ते घालून धावलं की म्हणे डोंगरावर असल्यासारखं होतं. होतं इतकंच की श्वास ओढायला जोर लागतो. आत येणारी हवा मुंबईचीच, दाबही मुंबईचाच. वर सकाळी फिरायला आलेली लहान मुलं रडतात ते वेगळं. त्यापेक्षा आमचा उकाडा बरा. घामट हवेत नेमाने धावलं की रक्तातला पातळ भाग वाढतो आणि हृदयाला थोडं सोपं जातं. लेहला पोचल्यावर पहिल्या काही दिवसांत हाच भाग आटतो ही गोष्ट निराळी, पण मे महिन्यात दादर ते वरळी धावणाऱ्याला काहीतरी आशा हवीच.

उंची कुणाची भीड ठेवत नाही. १९६८ चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीत झालं, ते लेहपेक्षा बरंच खाली, २२४० मीटरवर. दहा हजार मीटरचा विश्वविक्रम ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर होता. तो सहावा आला आणि रेषेपलीकडे कोसळला. त्याला ऑक्सिजन द्यावा लागला. जिंकला तो केनियाच्या उंच मुलखात वाढलेला नफ्ताली टेमू. क्लार्कने तयारीत कसूर केली नव्हती, पण उंचीपुढे ती अपुरी पडली.

म्हणून जाणकार एकच सांगतात : दहा दिवस आधी लेहला जा. आणि पहिले दोन दिवस काहीही करू नका. पाणी प्या, झोपा. झोपेत श्वास मधेच थांबल्यासारखा होऊन पुन्हा जोरात सुरू होतो, त्याने दचकू नका. दात घासायला उठलात तरी सावकाश उठा. हॉटेलात न्याहारीला सगळे करोनातल्या त्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यात बोट घालून बसलेले दिसतात. घरी अठ्ठ्याण्णव पडणाऱ्याला इथं अठ्ठ्याऐंशी पडतात आणि तो शेजारच्या टेबलाकडे मान वळवून हळूच विचारतो, "तुम्हाला किती?"

मुंबईच्या माणसाला बेचाळीस किलोमीटर धावायला सांगा, तो धावेल. सिंधूच्या काठापर्यंत उतरून पुन्हा लेहच्या चढाला लागेल. पण दोन दिवस खिडकीत बसून समोरच्या बोडक्या डोंगराकडे बघायचं, याचा सराव त्याने करायचा कुठे? ८.१७ ची लोकल उभ्याने पकडणाऱ्याला?

तरीही रजेचा अर्ज केला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"शर्यत एका दिवसाची ना? मग आधीचे दहा दिवस तिथं काय करणार?"

"काही नाही, सर. नुसतं बसायचं असतं."

"त्यासाठी लेहला कशाला जायला हवं?" साहेबांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. "इथं जमतंय की तुम्हाला!"

रजा मिळाली, पण मागितली त्याच्या निम्मी. बाकीचा श्वास बिनपगारी घ्यावा, असं त्यांनी सुचवलंय.